पायगाडी, पोरे आणि रस्ता

सायकलीचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे बहुतेक लेखक जर्मनीतल्या एका उमरावापासून प्रारंभ करतात. आम्ही तो बेलफास्ट शहरातल्या एका मुलापासून करणार आहोत. १८८७ च्या सुमारास त्या शहरी जॉन बॉइड डनलॉप नावाचे एक गुरांचे डॉक्टर राहत होते. त्यांच्या लहान मुलाला एक तीनचाकी होती. तिच्या चाकांवर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भरीव रबराच्या पट्ट्या बसविलेल्या, आणि रस्ते दगडी फरसबंदीचे. गाडी चालली की हाडे खिळखिळी होत. बापाने रबराची पातळ नळी केली, तीत हवा भरली, वरून कापड गुंडाळले आणि ती चाकाला बसवून मुलाच्या स्वाधीन केली. १८८८ साली त्यांनी या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे असे निघाले की रॉबर्ट विल्यम थॉमसन या गृहस्थाने १८४५ सालीच ही कल्पना नोंदवून ठेविली होती. त्यामुळे डनलॉपचे पेटंट टिकले नाही. नाव मात्र टिकले. आज आपल्या चाकणच्या रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या चाकात जी हवा आहे, तिचा उगम असा एका पोराच्या तीनचाकीत आहे.

हा किस्सा आम्ही गमतीखातर सांगितला नाही. निरनिराळ्या देशांत सायकल लोकप्रिय का झाली आणि का मावळली, याची कारणे सांगताना कोणी देशाच्या श्रीमंतीकडे बोट दाखवितो, कोणी हवेकडे, कोणी सपाट जमिनीकडे. ही कारणे खोटी नाहीत. पण आमच्या मते ती दुय्यम आहेत. मुख्य प्रश्न रस्ता कोणाचा हा आहे, आणि त्याचे उत्तर मोठ्या माणसाच्या सायकलीकडे पाहून नीट कळत नाही. मोठा माणूस धोका पत्करून, शिव्या खात, कडेकडेने जातोच. मुलाची सायकल पाहावी. ती रस्त्यावर दिसते की नाही, यावरून त्या देशातील सायकलीचे पुढे काय होणार हे वीस-पंचवीस वर्षे आधी सांगता येते.

उमरावाचा उल्लेख केला तेव्हा त्याची हकीकतही थोडक्यात सांगितली पाहिजे. त्याचे नाव कार्ल फॉन ड्रेस. १८१७ च्या जून महिन्यात मानहाइम गावाबाहेर त्याने दोन चाकांची एक लाकडी गाडी चालवून दाखविली. तिला पायडल नव्हते. मांड टाकून बसावयाचे आणि पायांनी जमीन ढकलीत जावयाचे. त्याच्या आदल्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नव्हता, पिके बुडाली, घोड्यांना दाणा मिळेना, म्हणून बिनघोड्याचे वाहन सुचले, असे काही इतिहासकार मानतात. पुढे १८६० नंतर पॅरिसात पुढच्या चाकाला पायडल आले. १८७० नंतर पुढचे चाक पुरुषभर उंच झाले आणि मागचे ताटलीएवढे राहिले. त्या उंच सायकलीवरून पडणे म्हणजे तोंडावर पडणे. बायका, मुले आणि वयस्क मंडळी यांना ती अर्थातच वर्ज्य होती. टॉमस स्टीव्हन्स नावाचा गडी तीवर बसून १८८४ ते १८८६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, आणि वाटेत ग्रँड ट्रंक रस्त्याने लाहोरहून कलकत्त्यास गेला. रस्त्याच्या कडेच्या खेडूतांनी त्याला पाहून काय म्हटले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

१८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल बाजारात आणली. तीन वर्षांनी तिला डनलॉपची हवा मिळाली. एवढ्यावर सायकल पुरी झाली. आज जी आपण वापरतो तिचा सांगाडा तोच आहे.

मग अमेरिकेत जे घडले ते मोठे बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे सायकलीचे वेड इतके पसरले की कारखान्यांतून वर्षाला दहा लाखांवर सायकली बाहेर पडू लागल्या. स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचणाऱ्या सुझन अँथनी यांनी १८९६ साली असे मत दिले की, स्त्रीला मोकळे करण्याचे काम सायकलीइतके दुसऱ्या कशानेही केलेले नाही. सायकलस्वारांचा संघ १८८० पासूनच होता. रस्ते चांगले करा अशी चळवळ त्याने नेटाने चालविली, सभा घेतल्या, मासिक काढले, आमदारांच्या मागे लागले. रस्ते खरोखरच चांगले झाले. आणि मग त्या गुळगुळीत रस्त्यांवरून मोटारी धावू लागल्या! हेन्री फोर्डने १८९६ साली तयार केलेल्या पहिल्या गाडीला चार सायकलींचीच चाके होती. वीस-पंचवीस वर्षांत मोठ्या माणसांनी सायकल सोडली. कारखानदारांपुढे प्रश्न पडला की आता माल कोणाला विकावा. त्यांनी तो मुलांना विकला. १९३३ साली श्विन कंपनीने जाड टायरची, मोटारसायकलीसारखी दिसणारी सायकल खास पोरांसाठी काढली. तेव्हापासून अमेरिकेत सायकल म्हणजे नाताळची भेट, अंगणातला खेळ, आणि सोळाव्या वर्षी मोटारीचा परवाना मिळाला की अडगळीत टाकावयाची वस्तू, असा समज रुजला. खेळणे झालेल्या वाहनासाठी रस्ता कोण राखून ठेवतो?

आपल्याकडे याच्या नेमके उलट झाले. येथे सायकल ही प्रथमपासून कर्त्या पुरुषाची. मुलाची सायकल म्हणून काही वस्तू असते हे मध्यमवर्गातसुद्धा फार उशिरा कळले.

ती आली बोटीतून. ज्या वर्षांत स्वदेशीचा मंत्र घुमत होता आणि पैशापैशाने निधी जमवून आपल्या या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, त्याच वर्षांत सायकली मात्र बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम आणि कॉव्हेंट्री येथून येत. पायगाडी हा छान मराठी शब्द तेव्हा वापरात होता. तो का मागे पडला कोण जाणे. रॅले, हंबर, हर्क्युलिस ही नावे लोकांना घरच्या माणसांसारखी पाठ. बीएसएच्या बिल्ल्यावर तीन बंदुका असत, कारण ती मूळची बंदुकांचा कारखाना चालविणारी कंपनी. मुंबईत हिंद सायकलचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीच निघाला होता. १९४७ नंतर मद्रास, आसनसोल, सोनिपत, लुधियाना अशी ठिकाणे पुढे आली. या सर्व सायकली अठ्ठावीस इंची चाकांच्या, भक्कम, जड. एका माणसाबरोबर बायको, मूल, धान्याचे पोते, दुधाच्या कासंड्या यांतले काहीही वाहून नेता यावे असाच त्यांचा घाट होता.

पुणे हे सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले ते याच काळात. लष्करी डेपो, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, सरकारी कचेऱ्या, कॉलेजे, सारे काही दोन-तीन कोसांच्या आत. कचेरीतून सायकलीसाठी कर्ज मिळे, ते पगारातून हप्त्याने कापले जाई. नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावावा लागे. रात्री दिव्यावाचून गेल्यास, किंवा डबलसीट बसविल्यास, पोलीस अडवी. म्हणून चौक आला की मागचा उतरून चालू लागे आणि चौक गेला की पुन्हा उडी मारून बसे. मुलीही कॉलेजला सायकलीवरून जात, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याचे नवल वाटे. कर्वेनगरात २०१७ साली जुन्या सायकलींचे एक संग्रहालय सुरू झाले आहे. तेथे एक चक्कर टाकली म्हणजे ते सारे युग डोळ्यांपुढे उभे राहते.

या मोठ्यांच्या जगात पोराने सायकल शिकावयाची कशी? भाड्याच्या दुकानातून. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत असे दुकान होते. तासाला आणा-दोन आणे, पुढे पंचवीस-पन्नास पैसे असा दर. दुकानदार बापाला ओळखत असे, तीच अनामत. वहीत नाव आणि वेळ लिहावयाची, टायर दाबून पाहावयाचे आणि निघावयाचे. पंक्चर झाले तर ते भाडेकऱ्याच्या माथी. ब्रेक असेलच याची खात्री नसे. चपलेचा तळ चाकावर दाबून काम भागे. दोघे-तिघे मित्र मिळून पैसे काढीत. एक चालविणार, दुसरा मागून कॅरिअर धरून पळणार, तिसरा देवळाच्या किंवा स्टेशनच्या घड्याळात तास किती राहिला ते बघणार.

ज्यांच्याजवळ तेवढेही पैसे नसत ते दुपारी वडील झोपल्यावर त्यांची सायकल हळूच बाहेर काढीत. पाय सीटवरून पुरत नसत. म्हणून प्रथम एका पायडलवर उभे राहून दुसऱ्या पायाने लंगडी घालीत जावयाचे. मग दांडीखालून पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून, अर्धे-अर्धे पायडल मारावयाचे. पुढची पायरी दांडीवर बसण्याची. सीटवर बसणे म्हणजे पदवीदान! तेव्हासुद्धा पायडल खाली गेले की कंबर त्या बाजूला कलवावी लागे. गुडघ्यावर या शिक्षणाचे प्रशस्तिपत्र कायमचे उमटलेले असे. ही विद्या कोणत्याही शाळेत नव्हती, तरी खेड्यापाड्यांतून कोट्यवधी मुले याच क्रमाने ती शिकली. मोठ्या माणसाच्या यंत्राला आपले लहान शरीर जुळवून घेणे, हा या देशातील बाळपणाचा एक मोठा धडा होता. मुलींच्या वाट्याला मात्र तो क्वचितच येई. परकर नेसून दांडीखालून पाय कसा घालणार? ज्या घरी लेडीज सायकल आली तेथील मुलगी शिकली.

चीनमध्येही थेट असेच. १९५० साली तिएन्त्सिन येथे उडते कबूतर या नावाची सायकल निघाली, आणि पुढे तीस-चाळीस वर्षे त्या देशाला सायकलींचे राज्य म्हणत. तिकडे लग्नात नवऱ्या मुलाकडून मनगटी घड्याळ, शिवणयंत्र, सायकल आणि रेडिओ यांची अपेक्षा असे. आमच्या खेड्यांत हुंड्याच्या यादीत सायकल, घड्याळ, रेडिओ. उलट दिशेने, पण याद्या तेवढ्या जवळजवळ सारख्या. पेकिंगच्या रुंद रस्त्यांवरचे ते सायकलींचे लोंढे १९९० नंतर मोटारींनी पाहता पाहता हटविले. जपानात मात्र आया पोरांना पुढे-मागे बसवून अजून बाजारहाट करतात.

मुंबईच्या तरुणांनी या वाहनावरून जे केले ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, विशेषतः व्याख्यानाला आलेल्या मंडळींपुढे. १९२० साली ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले. तो युरोपातून हिंदुस्थानपर्यंत चालत आला होता. ते ऐकून काही पारशी पोरांच्या डोक्यात किडा शिरला, असे सांगतात. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलींवर निघाले. बलुचिस्तान, इराण, मेसोपोटेमियाचे वाळवंट, आल्प्स पर्वत, इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असे फिरून अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. चव्वेचाळीस हजार मैल झाले होते. त्यांच्या पुस्तकास जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. जवळजवळ नव्वद वर्षांनी, २०१८ साली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या वीस वर्षांच्या मुलीने सुमारे एकोणतीस हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा एकशे एकोणसाठ दिवसांत पुरी केली. व्याख्याने ऐकून सगळेच घरी जाऊन झोपत नाहीत!

आता हॉलंडकडे वळू. तेथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. साधारण पावणेदोन कोटी लोक आणि सव्वादोन कोटींवर सायकली. तेथील लोकांचे सायकलप्रेम हे त्यांच्या रक्तातच आहे, जमीन सपाट आहे, असे म्हणून आपण विषय संपवितो. इतिहास वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडही मोटारींच्या मागे लागले होते. रस्ते रुंद केले, जुने मोहल्ले पाडले, सायकलींचे प्रमाण झपाट्याने घसरले. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे तेहेतीसशे माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी सायकलीवरून शाळेला जाताना मोटारीखाली सापडली. १९७२ साली त्याने आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचा मथळा होता, मुलांची हत्या थांबवा. अपघात हा शब्द त्याने वापरला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या मथळ्याच्याच नावाने चळवळ उभी राहिली. आयाबाप आणि पोरे रस्त्यात बसली, गल्ल्यांची तोंडे बंद करून तेथे मुलांना खेळावयास सोडले. पुढच्याच वर्षी तेलाची टंचाई आली आणि सरकारला नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारीवाचून पाळावे लागले. लोकांना रस्ते रिकामे कसे दिसतात ते पाहावयास मिळाले. मग सायकलींचे वेगळे रस्ते, घरांच्या गल्ल्यांतून मोटारीला माणसाच्या चालीने जाण्याची सक्ती, असे एकेक पाऊल पडत गेले. प्राथमिक शाळेच्या शेवटी मुलांची रस्त्यावर सायकल चालविण्याची परीक्षा घेतात. २०१० साली मुलांच्या मृत्यूंचा आकडा चौदावर आला होता. आज त्या देशातील चौथ्या हिश्शाहून अधिक फेऱ्या सायकलीवर होतात. म्हणजे सपाट जमीन १९५० सालीही होती आणि १९७० सालीही होती. फरक पडला तो रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर बदलल्यावर.

आपल्या देशात हेच दुसऱ्या रूपाने दिसले आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरतेच्या चळवळीत हजारो बायका अक्षरांबरोबर सायकल शिकल्या. बिहारात २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. पुढे अभ्यासकांनी मोजून पाहिले तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलामुलींच्या संख्येतील तफावत या योजनेने सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत फायदा विशेष दिसला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील मुलींना सायकली देतात. परकराची अडचण संपली, मुली निघाल्या. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरापैकी पंचेचाळीस घरांत सायकल होती.

मग आपल्या पट्ट्यात काय झाले? १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना निघाला. १९६० नंतर मोटारी, स्कूटर, यंत्रे यांचे कारखाने एकामागून एक आले. पाळीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा पूर येई आणि प्रत्येक कारखान्याला सायकलींचा लांबच लांब स्टँड असे. स्कूटर बनविणारा कामगार स्वतः सायकलीवर येत होता, कारण स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पुढे नंबर संपले, हप्ते सोपे झाले आणि त्याच कामगाराने आपणच जोडलेली गाडी विकत घेतली. त्याला दोष देण्याचे काही कारण नाही. उन्हातान्हात जड सायकल रेटून ज्याची उमर गेली, त्याने मोटारसायकल घेतली तर त्यात त्याचा सन्मान आहे. पण गाड्या वाढल्या त्या मानाने रस्त्यावर सायकलीसाठी जागा कोणी राखली नाही. पुण्यात सायकलींचे म्हणून मार्ग आखले, त्यांवर टपऱ्या आणि मोटारी उभ्या राहिल्या. २०१७ च्या शेवटी भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत आल्या, दोन-तीन वर्षांत नाहीशाही झाल्या.

तळेगावात आमचे गाव एका टोकाला आणि स्टेशन दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन-तीन किलोमीटर. हे अंतर सायकलीसाठीच जणू मापून ठेवल्यासारखे आहे; चालावयास लांब, गाडी काढावयास जवळ. शाळकरी पोरे, स्टेशनवर लोकल गाठणारे नोकरदार, दूधवाले, सर्वांचा तोच रस्ता. पुढे मुंबईकडून चाकणला जाणाऱ्या जड वाहतुकीनेही तळेगावचाच रस्ता धरला. २००८ साली येथे मोटारींचा मोठा कारखाना सुरू झाला, चाकणचे कारखाने तर त्याआधीपासून वाढत होते. लिंब फाट्यावर पाच मिनिटे उभे राहिले तर काय दिसते ते येथे बसलेल्यांना सांगावयास नको. रविवारी पहाटे शिरस्त्राण घातलेली मोठी मंडळी हलक्या, महागड्या सायकलींवरून जुन्या हमरस्त्याने लोणावळ्याकडे जाताना दिसतात. त्यांचे कौतुक आहे. १९४० नंतरच्या दशकापासून मुंबई-पुणे सायकल शर्यत याच रस्त्याने घाट चढून येत असे, तेव्हा ही परंपराही जुनीच. परंतु त्याच मंडळींची मुले सायकल कोठे चालवितात? इमारतींच्या आवारात. घरटी एक छोटी, रंगीत, मुलाच्याच मापाची सायकल आहे. आम्हाला न मिळालेली वस्तू त्यांना मिळाली. आणि ती वाहनतळातल्या खांबांभोवती गोल गोल फिरते, फाटकापाशी पहारेकरी हात आडवा करतो. सायकल बापाच्या मापाची आणि रस्ता आपला, ही आमची स्थिती. सायकल आपल्या मापाची आणि रस्ता परका, ही त्यांची.

हॉलंडने सारा देश एका दिवसात बदलला नाही. आरंभ शाळेच्या गल्लीपासून झाला. आपल्याकडेही गाव ते स्टेशन हा एकच रस्ता घ्यावा. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी एकेक तास जड गाड्या फाट्यावर थांबवाव्यात, कडेची चार हात पट्टी दुभाजक घालून मुलांसाठी वेगळी करावी, आणि तीवर गाडी उभी करणाऱ्यास दंड व्हावा. यासाठी नवे पूल नकोत की परदेशी तज्ज्ञ नकोत. व्याख्यान संपल्यावर नगरपरिषदेला द्यावयाच्या अर्जाचा कागद दाराशी ठेवला आहे. ज्यांच्या घरी शाळेत जाणारे मूल आहे त्यांनी सही करूनच पुढे जावे.